'आई : 7 मिस्ड कॉल' – मागे घेतलेल्या एका जाहिरातीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वस्तू होती एक मनगटी पट्टा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाने तो हातात घालायचा. माणूस पडलं तर आतले सेन्सर ते ओळखतात आणि घरच्यांच्या फोनवर सूचना जाते. कंपनी लहान होती, माल चांगला होता, आणि मोठ्या कॅम्पेनसाठी पैसे तिने पहिल्यांदाच बाजूला काढले होते. मी एजन्सीत प्लॅनर होतो, म्हणजे ब्रीफ (जाहिरात कोणासाठी आणि काय सांगायला करायची याचं टिपण) माझ्या हातचं. ओळख पटू नये म्हणून नावं, जागा, तारखा काढल्या आहेत आणि एकदोन तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत, माझे चुकलेले धरून.

विषयात खोट नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. पडण्याइतकंच पडून राहणं वाईट. तासन्‌तास जमिनीवर राहिलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी होतं, दाबाच्या जखमा होतात, दबलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांना इजा करतात. तेव्हा 'घरच्यांना लवकर कळणं' या वचनाला खरा आधार होता.

पट्टा विकत घेणार मुलं, वयाने पस्तीस ते पन्नासची. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्यांना धोका माहीत होता, आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं : "बघू." मी ब्रीफच्या शेवटी लिहिलं, 'त्यांना "बघू" म्हणायची सवडच देऊ नका.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे जे घडलं त्याचं बी त्याच वाक्यात होतं, हे कळायला मला महिना लागला.

कल्पना

कल्पना टीममधल्या सगळ्यांत लहान कॉपीरायटरची. तिने स्टोरीबोर्ड वगैरे काही आणलं नाही. फोन पुढे केला आणि म्हणाली, "सर, हे बघा." स्क्रीनवर कुलूपबंद फोनवर दिसते तशी सूचना होती : 'आई – 7 मिस्ड कॉल'. क्रिएटिव्ह डायरेक्टरने बोट लावलं. स्क्रीन काळी झाली आणि दोन ओळी आल्या. 'ती पडली होती. तुम्ही मीटिंगमध्ये होता.' मग पट्टा, मग कंपनीचं नाव.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग एकाने बाही वर करून हात दाखवला. काटा आला होता. आमच्या धंद्यात जाहिरातीची परीक्षा अशीच होते. मोजायची साधनं ढीगभर आहेत, पण खोलीतला निकाल हातावरच्या काट्यावर लागतो.

कल्पना चांगलीच होती, हे आजही म्हणेन. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाच्या अपराधी भावनेवर तिने नेमकं बोट ठेवलं होतं. माध्यमही विचार करून निवडलेलं : ज्या फोनमुळे आपण आईला जवळ मानतो, त्याच फोनवर तिचा न घेतलेला कॉल. कागदावर ती निर्दोष होती.

क्लायंट सर्व्हिसिंगमधल्या सहकारी मॅडमनी तेवढ्यात विचारलं, "आणि ज्याची आई नाहीये, त्याचं काय?" मीच उत्तर दिलं, की टार्गेटिंग करू, म्हणजे ज्यांना दाखवायची त्यांनाच दाखवू. उत्तर ऐकायला बरं होतं, पण त्यात तथ्य नव्हतं. वय, आवडी, वापरलेली अ‍ॅप्स यांवरून माध्यमयंत्रणेला पुष्कळ कळतं. गेल्या महिन्यात कोणाची आई गेली, हे कळत नाही, आणि कळत असलं तरी आम्ही ते वापरणं आणखी वाईट झालं असतं. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिल्यासारखं झालं, आणि विषय पुढे सरकला. पहिला निर्णय तिथे झाला, कोणी निर्णय घेतोय असं न वाटता.

दोन नकार, जे आम्ही वळसा घालून टाळले

पहिला नकार मोठ्या जाहिरात-नेटवर्ककडून आला. फोनच्या सूचनेची नक्कल करणाऱ्या जाहिराती त्यांच्या धोरणात बसत नाहीत. आमच्या मीडिया टीमने हा नकार वाटेतल्या खड्ड्यासारखा घेतला : आहे, तर बाजूने जाऊ. जाहिरातींच्या जागांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका एक्स्चेंजमार्फत छोट्या अ‍ॅप्समध्ये पूर्ण स्क्रीनची जागा मिळत होती आणि तिथे तपासणी सैल होती. "तिथे चालतं," एवढ्यावर बैठक संपली. नियम का आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

कारण काही गूढ नव्हतं. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू आली पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या संहितेतलं मूळ कलम आहे, आणि त्या संहितेची पहिली आवृत्ती 1937 ची. समर्थनीय कारण नसताना भीतीचा वापर करू नये, हेही तीच संहिता सांगते. आमच्या जाहिरातीने दोन्ही कलमं एका स्क्रीनमध्ये मोडली होती.

दुसरा नकार क्लायंटच्या इंजिनिअरकडून आला, आणि तो एका अक्षराबद्दल होता. लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरातीवर बोट लावल्यावर उघडणाऱ्या पानावर, ओळ होती : 'ती पडली, तर तुम्हाला कळेलच.' इंजिनिअर म्हणाला, "हा 'च' काढा." पट्टा वेगातला बदल आणि हाताचा कल मोजून पडणं ओळखतो. माणूस धाडकन पडलं तर बहुधा ओळखेल. पण भिंतीला टेकत टेकत हळूहळू खाली घसरलं तर सुटूही शकतं. उलट हात जोरात आपटला तर उगाच इशारा जाईल. 'कळेलच' असं म्हणता येणार नाही.

आम्ही त्या 'च'साठी भांडलो. 'कळेल' मिळमिळीत वाटतं, लय तुटते, असं काहीबाही बोललो. शेवटी 'च' राहिला आणि खाली बारीक टाइपात एक तळटीप आली. खोटं सांगायला मराठीत अख्खं वाक्य लागत नाही, एक अव्ययही पुरतं, हे इतक्या वर्षांच्या कॉपीनंतर एका इंजिनिअरने दाखवून द्यावं, हे मला तेव्हा झोंबलं होतं.

अडचण

पहिल्या दिवशीचा डॅशबोर्ड बघून ऑफिसात टाळ्या वाजल्या. क्लिकचं प्रमाण आमच्या नेहमीच्या बॅनरच्या कित्येक पट होतं. नीट बघितल्यावर मात्र दिसलं, की आलेल्यांतले बहुतेक जण काही सेकंदांत परत जात होते. ते पट्टा बघायला आलेच नव्हते. ते आईचा कॉल बघायला आले होते.

दुसऱ्या दिवसापासून क्लायंटच्या कस्टमर केअरला फोन येऊ लागले. रात्री उशिरा सूचना पाहून एकाने घाबरून आईला फोन लावला. ती गाढ झोपेतून दचकून उठली, आणि तक्रार तिनेच केली. एक बाई गाडी चालवत होत्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पण हात बराच वेळ थरथरत होते. आणि एका गृहस्थांची आई अडीच महिन्यांपूर्वी गेली होती. तिचा नंबर त्यांनी फोनमधून अजून काढला नव्हता. सूचना पाहून क्षणभर त्यांना जे वाटलं, ते त्यांनी कस्टमर केअरच्या मुलीला सांगितलं. त्या मुलीने ते शब्दशः टिपून आमच्याकडे पाठवलं. ते मी इथे देत नाही.

मॅडमनी विचारलेला प्रश्न उत्तर घेऊन परत आला होता.

एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण पुढचे पर्याय तिच्याभोवती फिरले. आम्ही ही जाहिरात पन्नास वेळा पाहिली होती, पण दर वेळी मीटिंगच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर, ती जाहिरात आहे हे माहीत असताना. ती ज्याच्यासाठी केली, त्याने ती अंधारात, एकट्याने, हातातल्या फोनवर, माहीत नसताना पाहिली. दोन्ही ठिकाणी चित्र तेच होतं, पण त्या दोन वेगळ्या जाहिराती होत्या.

पर्याय

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे बसले. चार वाटा समोर होत्या.

पहिली : चालू ठेवा, वर 'जाहिरात' असा शब्द टाका. हा पर्याय पाच मिनिटांत पडला. शब्द ठळक केला तर सूचना खरी वाटत नाही आणि कल्पना मरते. बारीक केला तर असून नसल्यासारखा. ती दोन सेकंदांच्या गैरसमजावर उभी होती. तो काढून घेतला की खाली काही उरत नव्हतं. जाहिरात बघणाऱ्याच्या लक्षावर चालते आहे की त्याच्या चुकीवर, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

दुसरी : रात्रीची वेळ वगळा, एका फोनवर एकदाच दाखवा, म्हणजे तक्रारी कमी होतील. मीडिया टीमला ही वाट पटत होती. पण तक्रारी कमी होणं म्हणजे इजा कमी होणं नव्हे. ज्याची आई गेली आहे, त्याला ती दुपारी एकदाच दिसली तरी काय फरक पडतो?

तिसरी : सगळं गुंडाळा आणि बागेत हसणारे आजी-आजोबा दाखवा. क्लायंटच्या मार्केटिंगप्रमुख मॅडम घाबरून इकडे झुकल्या होत्या. हा पर्याय निरुपद्रवी आणि निरुपयोगीही होता. 'बघू' म्हणणारे तो बघून पुन्हा 'बघू' म्हणाले असते. जबाबदार जाहिरात म्हणजे सपक जाहिरात, ही समजूत आमच्याकडे खोलवर रुजलेली आहे, आणि जबाबदारीचा विषय निघाला की क्रिएटिव्ह माणसं अंग चोरतात ते त्यामुळेच.

चौथी : रूप टाकून द्या, आतलं मर्म ठेवा. वेळ लागणार होता, आणि नक्की काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

क्रिएटिव्ह डायरेक्टर मात्र मूळ जाहिरातीच्या बाजूने ठाम होते, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. सिगारेटच्या पाकिटावर भयानक चित्रं चालतात, सीटबेल्टच्या जाहिरातीत प्रेतं चालतात, मग इथे का नाही? त्यांनी 2017 चं बर्गर किंगचं उदाहरण दिलं : टीव्हीवरच्या 15 सेकंदांच्या जाहिरातीतल्या एका वाक्याने लोकांच्या घरातले गुगल होम (आवाजावर चालणारे स्पीकर) जागे होऊन बर्गरची माहिती वाचू लागले. लोक चिडले, गुगलने काही तासांत ते बंद पाडलं, आणि त्याच वर्षी त्या कामाला कान्सच्या जाहिरात-महोत्सवात डायरेक्ट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक, ग्राँ प्री, मिळालं. "चिडणं म्हणजे हरणं नव्हे," ते म्हणाले.

याला उत्तर द्यायला मला रात्रभर वाचावं लागलं. त्यांच्या उदाहरणात फसलं होतं यंत्र. माणसाला गंमत समोर दिसत होती. आमच्याकडे माणूस फसत होता. जवळचं उदाहरण दुसरंच होतं. अमेरिकेत 2013 मध्ये एका चित्रपटाच्या जाहिरातीत आणीबाणीच्या इशाऱ्याचे सूर वापरले गेले, म्हणून तिथल्या दळणवळण आयोगाने 2014 मध्ये ती दाखवणाऱ्या तीन माध्यमकंपन्यांवर मिळून सुमारे 19 लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला. तर्क सरळ आहे : खोटे इशारे ऐकून ऐकून लोक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. ब्रिटनच्या संहितेतही, गाडी चालवत रेडिओ ऐकणाऱ्याला धोका होईल असे आवाज जाहिरातीत चालत नाहीत. आणि आमची वस्तू कोणती? आईच्या नावाने फोनवर सूचना पाठवणारा पट्टा! ज्या सूचनेवर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा म्हणून आम्ही पैसे घेत होतो, तिलाच आम्ही खोटं पाडत होतो. क्रिएटिव्ह डायरेक्टर त्यावर पहिल्यांदा गप्प झाले.

भीतीबद्दलही बोलणं झालं. जॅनिस आणि फेशबाख यांनी 1953 मध्ये दातांच्या निगेबद्दल शाळकरी मुलांना कमी-जास्त भीती घालून पाहिली. सर्वांत घाबरवलेल्या गटावर परिणाम सर्वांत कमी झाला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असंच दिसलं असं नाही, भीती पुष्कळदा काम करतेही. किम विट यांनी 1992 मध्ये यातली मेख मांडली : धोक्यासोबत 'मी काय करू शकतो' हे हाताशी असेल तर माणूस हालचाल करतो, नसेल तर तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीचा बंदोबस्त करतो. नजर फिरवतो, चिडतो, सांगणाऱ्यालाच खोटं ठरवतो. आमचा डॅशबोर्ड तेच सांगत होता. मार्केटिंगप्रमुखांना 2015 ची नेशनवाइड विमा कंपनीची जाहिरात आठवली. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मधोमध एक लहान मुलगा आपण काय काय करू शकणार नाही ते सांगत जातो आणि शेवटी कळतं की तो अपघातात मेलेला आहे. कंपनीला नंतर खुलासा करावा लागला, की हेतू विमा विकण्याचा नव्हता, चर्चा सुरू करण्याचा होता. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला तसा खुलासाही करता येणार नाही. आपण पट्टा विकतोय."

निर्णय आणि कृती

जाहिरात त्याच संध्याकाळी थांबवली.

मग माफीचा मजकूर. क्लायंटच्या वकिलांनी पाठवलेला मसुदा 'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असा सुरू होत होता. कॉपीरायटर म्हणाली, "दुखावल्यात. 'जर' कशाला?" आधी 'च' काढायचा होता तेव्हा आम्ही अडून बसलो होतो, या वेळी 'जर' काढण्यासाठी अडून बसलो. मजकूर चार ओळींचा झाला : आम्ही फोनच्या सूचनेसारखी दिसणारी जाहिरात केली, ती खरी वाटावी हाच हेतू होता, ते चूक होतं, ती थांबवली आहे. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला कंपनीतून फोन गेला. हे काम आमच्यापैकी कोणी केलं नाही, आणि करायला हवं होतं.

नवी कल्पनाही त्याच मुलीची. कोणी तिला दोष दिला नव्हता, पण ती आठवडाभर गप्प होती. मग ती, सांगितलं नसताना, एकट्या राहणाऱ्या काही वयस्कर बायकांना भेटून आली. तोपर्यंत आम्ही सगळे मुलांशीच बोललो होतो. पट्टा जिच्या हातात जाणार तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्या जाहिरातीत आई होती ती फक्त पडण्यापुरती. भेटींतून तिने एक वाक्य आणलं, जे प्रत्येकीने म्हटलं होतं : "मुलांना कशाला त्रास? मी बरी आहे."

नवी फिल्म त्या वाक्यावर उभी राहिली. एका बाईचे वेगवेगळ्या दिवशीचे फोन. 'मी बरी आहे', स्वयंपाक करताना. 'मी बरी आहे', दमून. 'बरी आहे गं', हसत. शेवटचं 'मी बरी आहे' तसंच, त्याच सुरात. पण कॅमेरा मागे सरकतो तेव्हा ती जमिनीवर बसलेली दिसते, आणि उठता येत नाहीये. शेवटी ती स्वतःच मुलीला सांगते, "ऐक, मी पडलेय." पहिल्या सेकंदापासून ही जाहिरात आहे हे दिसतं, तरी कोणी मधेच उठत नाही.

लँडिंग पेजवर 'पट्टा पडणं ओळखायचा प्रयत्न करतो; प्रत्येक वेळी ओळखेल असं नाही' ही ओळ वर, मोठ्या टाइपात आली. तिच्याखाली, पट्टा न घेताही आजच करता येतील अशा गोष्टी : न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा, पायात अडकणारी सुटी सतरंजी उचलून ठेवणं. आमच्या पैशांनी लोकांना फुकटचे उपाय सांगायचे, यावर क्लायंटकडे दोन दिवस वाद झाला. इंजिनिअरने बाजू लावून धरली.

परिणाम

क्लिक पहिल्या जाहिरातीच्या जवळपासही गेले नाहीत. पण आलेले लोक थांबले, वाचलं, प्रश्न विचारले. 'वाटलं तसं निघालं नाही' म्हणून परत येणारे पट्टे कमी झाले, हे क्लायंटला सर्वांत आवडलं. आणि आम्ही ज्याचा विचारच केला नव्हता, अशी चौकशी सुरू झाली : वयस्कर माणसं स्वतःसाठी फोन करू लागली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या कॅम्पेनचा खर्च कोणी सोसायचा यावरून एजन्सी आणि क्लायंटचं बिनसलं, आणि पुढच्या वर्षी ते काम आमच्याकडे राहिलं नाही. क्रिएटिव्ह डायरेक्टर अजूनही म्हणतात, की पहिली कल्पना फोनवर न टाकता चित्रपटगृहाच्या पडद्यावर दाखवली असती तर कोणी फसलं नसतं आणि काटा तसाच आला असता. मला वाटतं, त्यांचं बरोबर असू शकेल. ते त्या दुपारी कोणाला सुचलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं बोलायचं तर ब्रीफमधलं ते वाक्य. समोरच्याला विचार करायला 'सवडच देऊ नका' असं लिहिल्यावर टीमने तेच करून आणलं, तर दोष कोणाला द्यायचा? आता मी ब्रीफमध्ये बघणाऱ्याने काय करावं हे लिहितो, त्याच्यावर काय करावं हे नाही.

नेटवर्कचा नकार आला तेव्हा तो क्रिएटिव्ह टीमपर्यंत कारणासकट पोचायला हवा होता. आमच्याकडे तो मीडिया प्लॅनच्या एका खान्यात 'पर्यायी मार्ग' म्हणून नोंदला गेला. चाचणी खोलीत नको होती : न सांगता, सहकाऱ्यांच्याच फोनवर संध्याकाळी ती एकदा पाठवली असती तर पहिली तक्रार ऑफिसातूनच आली असती. पण इथे एक पेच आहे, आणि तो मला सुटलेला नाही. फसवणारी जाहिरात तपासायची तर कोणालातरी फसवावं लागतं, मग तो सहकारी का असेना.

आणि ज्या मॅडमनी पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला, त्यांच्याकडे तो लावून धरायची सोय नव्हती. क्लायंट सर्व्हिसिंगचं माणूस कल्पनेबद्दल काही बोललं की 'घाबरतात हे' म्हणून हसण्यावारी नेलं जातं. पुढे त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की दुसऱ्यांदा विचारायचं मनात होतं, पण सगळ्यांच्या हातावर काटा होता.

एक हिशेब राहून गेला. आम्ही थांबवलं म्हटलं, डॅशबोर्डवर आकडे शून्यावर आले, तरी त्या छोट्या अ‍ॅप्सपैकी काहींनी जाहिरात फोनमध्ये आधीच उतरवून ठेवली होती. पुढचे दोन दिवस ती कुठे कुठे दिसत राहिली. अडीच महिन्यांवाल्या त्या गृहस्थांना कंपनीतून माफीचा फोन गेला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की ती परत दिसणार नाही ना. फोनवरच्या मुलीने 'नाही' म्हणून सांगितलं. आम्ही तिला तसं सांगायला सांगितलं होतं.